विधेयक संसदीय समितीकडे पाठवल्याने खरंच काही फरक पडतो का?

हो, पडतो. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, तरीही तिथे जी चिरफाड होते ती सभागृहाच्या गदारोळात शक्य नसते. स्थायी समितीत 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. ते सचिवांना समोर बसवून एकेका कलमाचा जाब विचारतात, नागरिकांकडून लेखी सूचनाही मागवतात. 2019 चं वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक घ्या. संयुक्त समितीने 81 दुरुस्त्या सुचवल्या आणि 2022 मध्ये सरकारने ते मागेच घेतलं.

मला खटकतं ते हे की विधेयक समितीकडे पाठवणं सक्तीचं नाही. 2020 चे तीन कृषी कायदे समितीकडे न जाताच मंजूर झाले, आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर 2021 मध्ये रद्द करावे लागले.