लेखापरीक्षणाचे नियोजन : जोखीम कोठे शोधावी?

प्रश्न : मी सीएची आर्टिकलशिप करीत आहे. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीच्या (धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या) लेखापरीक्षणाचा आराखडा करताना जोखमी कशा ओळखाव्यात?

उत्तर : प्रथम भट्टीपासून पाठवणीपर्यंत कारखाना पायी फिरून पाहा, कारण एसए ३१५ या लेखापरीक्षण मानकाला अपेक्षित असलेली व्यवसायाची ओळख केवळ ताळेबंद चाळून होत नाही. फाउंड्रीत खरी जोखीम बहुधा साठ्यात असते. नाकारलेली कास्टिंग (ओतलेले भाग) आणि तोडलेले रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू) पुन्हा वितळवले जातात. ते तयार मालाच्या भावाने मोजले गेले, तर नफा फुगतो. मशीनिंगसाठी जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्याकडे, गेलेला माल आवारात दिसतच नाही, म्हणून त्याची चलने आणि जॉबवर्करचे पुष्टीपत्र मागवा. साठा महत्त्वाच्या रकमेचा असल्यास एसए ५०१ नुसार मोजणीला, व्यवहार्य असेल तोवर, स्वतः हजर राहावे लागते. (जुने बूट घालून जा!) उत्पादन नेहमीपेक्षा बरेच घटले असेल, तर एएस २ या साठ्याच्या मूल्यांकनाच्या लेखा मानकाप्रमाणे न वापरलेल्या क्षमतेचा स्थिर खर्च साठ्याच्या किमतीत चढवता येत नाही, हेही तपासा. विक्रीच्या नोंदीत अफरातफरीची जोखीम एसए २४० गृहीतच धरते. त्यासाठी ३१ मार्चच्या अलीकडची-पलीकडची बिले गेटपासशी ताडून, विक्री योग्य वर्षात नोंदली आहे का, हे पाहण्याचे काम आराखड्यातच लिहून ठेवा.