पायात गुठळी झाल्यावर लसूण, हळद, दालचिनीचे अर्क गोळीऐवजी चालतील का?

तुमचा प्रश्न: वडिलांच्या (वय ६२) पोटरीच्या शिरेत गुठळी झाली, डीव्हीटी (खोल शिरेतली गुठळी) निघाली, दोन महिन्यांपासून ॲसिनोकूमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. इतवारीतून लसूण, हळद आणि दालचिनीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्यात. गोळी बंद करून त्या दिल्या तर चालेल का, आणि मे महिन्यात नागपूर-पुणे ट्रॅव्हल्सचा प्रवास करता येईल का?

गोळी बंद करू नका. कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढे कोणी काही सुचवलं तरी तुम्हालाच उत्तर देता येईल.

गुठळी दोन तऱ्हेची असते. हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत होते ती मुख्यतः प्लेटलेट्स (रक्तातल्या गोठवणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटून. पायाच्या शिरेत रक्त संथ पडून होते ती मुख्यतः फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची. लसणातला अजोइन, आल्यातला जिंजरॉल, हळदीतला करक्युमिन हे प्रयोगशाळेत प्लेटलेट्सचं चिकटणं कमी करतात, हे खरं आहे. पण वडिलांची गुठळी दुसऱ्या तऱ्हेची आहे. तिथे यकृतात तयार होणारे, व्हिटॅमिन के लागणारे रक्त गोठवणारे घटक रोखावे लागतात, आणि ॲसिनोकूमारॉल नेमकं तेच करतं. डीव्हीटीला किमान तीन महिने औषध लागतं. मध्येच सोडलं तर गुठळी वाढून किंवा तुटून फुप्फुसात जाऊ शकते.

मग गोळी चालू ठेवून वरून कॅप्सूल दिल्या तर? मला जास्त काळजी याचीच वाटते. आयएनआर तपासणीत (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) प्लेटलेट्सचं काम मोजलंच जात नाही. रिपोर्टवर २.५ असा व्यवस्थित आकडा (डीव्हीटीत साधारण २ ते ३ हवा) दिसेल आणि तरीही दाढ काढल्यावर रक्त थांबायचं नाही. शिवाय हळदीच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपेरीन घातलेलं असतं. करक्युमिन एरवी शरीरात फारसं शोषलं जात नाही, ते शोषलं जावं म्हणून. तेच पिपेरीन इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकतं.

प्रमाणाचा हिशेब करा. चमचाभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळदीत करक्युमिन साधारण ९० मिलिग्रॅम. ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५. म्हणजे एक कॅप्सूल पाच चमचे हळदीएवढी. वरणातली हळद, भाजीतल्या लसणाच्या दोन पाकळ्या बिनधास्त चालू द्या. सावजी रस्साही लसणापायी बंद करायची गरज नाही.

दालचिनीचं वेगळंच आहे. बाजारात बहुतेक जाड, एकेरी वळकटीची कॅसिया मिळते. तिच्यातलं कूमारिन रक्त पातळ करत नाही, जास्त झालं तर यकृताला मात्र त्रास देतं. युरोपात त्याची रोजची मर्यादा दर किलो वजनाला ०.१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅसियाच्या एक चमचा पुडीतच ती ओलांडली जाऊ शकते.

याच कूमारिनपासून गंमत म्हणजे तुमच्या गोळीचं मूळ निघतं. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. बुरशीने कूमारिनचं डायकूमारॉल केलं होतं. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत १९४० च्या सुमारास ते वेगळं काढलं गेलं. त्यातून आलेलं वॉरफरिन, म्हणजे तुमच्या गोळीचंच भावंड, १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून विकलं गेलं आणि १९५४ पासून माणसांना दिलं जाऊ लागलं. ज्या चाऱ्याने गुरं मेली त्याचंच औषध झालं, ते मात्रा ठरवता आली आणि परिणाम तपासता आला म्हणून. बाजारातल्या अर्कांत या दोन्ही गोष्टी नसतात.

आता रोजचं. मेथी, पालक, चवळी, अंबाडी या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं, पण त्या बंद करू नका. आठवड्याला साधारण सारख्याच ठेवा. महिनाभर नाही आणि मग सलग चार दिवस पालक, असं झालं की आकडा हलतो. गोळी रोज एकाच वेळी. विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्र नको. अँटिबायोटिक किंवा कुठलाही काढा सुरू केला तर ३ ते ५ दिवसांत आयएनआर करा. कॅप्सूल आधीच दिल्या असतील तर डॉक्टरांना बाटली नेऊन दाखवा, लपवू नका. दाताचं किंवा कुठलंही ऑपरेशन ठरलं तर गोळीचं आणि कॅप्सूलचं आधी सांगा.

प्रवास डॉक्टरांना विचारूनच. जायचं ठरलं तर शक्यतो रेल्वेने न्या, डब्यात फिरता येतं. बसमध्ये दर तासाला टाचा वर-खाली २० वेळा, आणि गाडी थांबेल तिथे उतरून चालणं. नागपूरच्या मेमध्ये घामाने पाणी कमी होऊन रक्त दाटतं, म्हणून हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर पाणी भरपूर द्या. लघवीला लागेल म्हणून पाणी न पिणं हे प्रवासात हमखास होतं.

अचानक धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, काळी शी, किंवा डोक्याला मार लागणं, यांपैकी काहीही झालं तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.