गुंगी न घेता कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केली तर किती दुखेल, हे आधी सांगता येतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की अंगाने बारीक आहात, गर्भपिशवी काढलीय, मैत्रीण म्हणते भयंकर दुखतं, आणि तरी गुंगीचं इंजेक्शन नको वाटतंय. मी एन्डोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासण्या होतात तिथे, नर्स आहे, पेशंटच्या शेजारीच उभी असते, म्हणून लिहितेय.

अंदाज बांधता येतो, खात्री नाही देता येत. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त दुखतं, बारीक अंगाच्यांना जास्त, पिशवीचं किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर अजून, शिवाय आयबीएस (पोट दुखण्या-बिघडण्याचा आतड्याचा जुना त्रास) असेल किंवा मनात खूप धास्ती असेल तरी, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणजे तुमचं पारडं दुखण्याकडेच झुकतंय, उगाच धीर द्यायला खोटं नाही सांगत. पण हे सगळं असूनही शेवटपर्यंत स्क्रीनकडे बघत गप्पा मारणाऱ्या बायका मी बघितल्यात, आणि यातलं काहीच नसलेला धडधाकट माणूस पहिल्याच वळणाला कळवळलेला पण बघितलाय.

कारण दुखतं ते आतडं ताणल्यामुळे. आतून तुकडा काढला, छोटा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब) कापला तरी बहुतेकांना कळतसुद्धा नाही. गुदाशयाच्या वर सिग्मॉइड म्हणून भाग आहे, तो नागमोडी आणि सुटा असतो, तिथे दुर्बीण पुढे ढकलली तर टोक सरकतच नाही, मागे दुर्बिणीचा लूप (वेटोळं) होतो आणि आतडं ताणलं जातं, त्यात ऑपरेशननंतर ते कुठे चिकटलेलं असेल तर अजूनच. मी पोटावर हात दाबून धरते तेव्हा तो लूप कधीकधी तळव्याला लागतो, आणि पेशंट तोंडाने काही बोलायच्या आधी त्याच्या पायाची बोटं आखडतात. डॉक्टरांनी दुर्बीण जरा मागे घेऊन फिरवून लूप सोडवला की कळ ओसरते. म्हणून मला विचाराल तर तुमच्या वजनापेक्षा दुर्बीण कोणाच्या हातात आहे हे जास्त महत्त्वाचं.

मैत्रिणीचं म्हणाल तर तिला दुखलं असणारच, पण रेडेलमायर आणि कानेमान या संशोधकांनी १९९६ साली कोलोनोस्कोपीच्या पेशंटवर केलेला अभ्यास आहे, त्यात दिसलं की नंतर आठवतं ते सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटची काही मिनिटं यांवरून, तपासणी किती वेळ चालली त्याचा फारसा संबंध नसतो. त्यामुळे तिच्या आठवणीवरून तुमचं ठरवू नका.

त्यापेक्षा आधी डॉक्टरांना विचारा, हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरता का (तो लवकर शोषला जातो, नंतर पोट फुगून राहत नाही), पाणी सोडत आत जायची पद्धत करता का, बारीक दुर्बीण आहे का. पिशवीचं ऑपरेशन झालंय हे तर सांगाच सांगा. आणि हाताला सुई लावूनच ठेवायला सांगा, म्हणजे मध्येच सहन होईना झालं तर लगेच गुंगी देता येते, "थांबा" म्हटलं की थांबायचं हेही आधीच बोलून घ्या. त्रास मुख्यतः आत जाताना, बाहेर येताना सहसा काही वाटत नाही.

पण उपाशी राहायचे नियम गुंगी घेणार असल्यासारखेच पाळा आणि घरचं कोणीतरी सोबत आणा, कारण मध्ये इंजेक्शन द्यावं लागलं तर त्या दिवशी तुम्हाला गाडी चालवता येणार नाही आणि एकटीला घरी सोडणार पण नाहीत.