ओळखीच्या माणसाला कर्जाबद्दल खोदून कसं विचारायचं?

प्रश्न : आम्ही लहान गावात राहतो. घर घ्यायचं ठरलंय. गृहकर्ज मिळवून देणारे दलाल गावात तीनच. त्यातले एक माझ्या नवऱ्याचे शाळेपासूनचे मित्र. ते म्हणतात, "वहिनी, तुम्ही फक्त सह्या करा, बाकी माझ्यावर सोडा." हप्ताही ते बाकीच्या दोघांपेक्षा कमी सांगतात. फार विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, असं नवऱ्याचं म्हणणं. विश्वास ठेवावा का?

उत्तर : ताई, मी बरीच वर्षं कर्ज-विभागात काम केलंय, त्यामुळे आधी त्या कमी हप्त्याकडे बघते. तो कमी कशामुळे, हे विचारलंत का? बहुधा मुदत लांबवलेली असते. व्याजदर ९ टक्के धरा. २० वर्षांचं कर्ज ३० वर्षांवर नेलं की हप्ता साधारण १० टक्क्यांनी उतरतो. पण २० वर्षांत तुम्ही मुद्दलाच्या २.१६ पट फेडता, ३० वर्षांत जवळजवळ २.९ पट! दुसरी शक्यता 'फ्लॅट' दराची, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवरच. २० वर्षांसाठी ५.८ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवरचे (फेडायच्या उरलेल्या रकमेवरचे) ९ टक्केच, फक्त आकडा लहान दिसतो. म्हणून तिघांकडूनही एकाच रकमेचा, एकाच मुदतीचा हिशेब लेखी मागा : दर स्थिर की बदलता, सगळे शुल्क, मुदतीआधी फेडल्यास दंड, आणि शेवटपर्यंत एकूण भरणा किती.

आता माणसाबद्दल. दलालाला बहुतेक वेळा कर्ज देणारी संस्थाच कमिशन देते, तेही कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात. यात गैर काही नाही. मात्र तुमचं कर्ज फुगलं की त्याची कमाई वाढते, आणि सगळ्या संस्थांचं कमिशन सारखं नसतं. तेव्हा स्पष्ट विचारा, "या कर्जावर तुम्हाला कुणाकडून किती मिळणार? किती संस्थांचं काम करता?" सरळ माणूस एका वाक्यात सांगतो. जो विषय टाळतो, त्याच्या हाती कागदपत्रं देऊ नका.

मित्राची भीड पडते, हे मला कळतं. नवऱ्याला एवढंच म्हणायला सांगा, "घरात सगळ्यांना दाखवायचंय, म्हणून तिघांचेही कागद घेतोय." चांगल्या मित्राला याचा राग येणार नाही.

लहान गावाचा एक मोठा फायदा तुमच्याकडे आहे : या तिघांकडून कर्ज घेतलेली माणसं सापडतात. गेल्या महिन्यात घेतलेल्यांना विचारू नका, ते अजून खुशीत असतात. तीन-चार वर्षं हप्ते भरणाऱ्यांना गाठा. दर वाढला तेव्हा यांनी फोन उचलला का? आधी न सांगितलेला खर्च निघाला का? गळ्यात एखादा विमा मारला का?

कोऱ्या अर्जावर सही करू नका, कुणीही सांगितलं तरी. उत्पन्न वाढवून लिहू देऊ नका. अर्ज तुमच्या नावाचा, खोट्याची जबाबदारीही तुमचीच. आणि तिघांना एकदम अर्ज टाकू देऊ नका, कारण अशा चौकशांची नोंद तुमच्या क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, राहते. आधी नुसता हिशेब, अर्ज निवड झाल्यावर.

ज्या बँकेत तुमचं खातं आहे, तिथूनही थेट जाऊन तसाच हिशेब आणा. मित्राचा आकडा त्याच्या बरोबरीचा किंवा कमी निघाला, तर काम खुशाल त्यांनाच द्या.