रॉक ऐकायला सुरुवात कोणत्या गिटारवादकापासून करावी?

आपला प्रश्न असा आहे : ‘मला रॉक संगीत ऐकायला सुरुवात करायची आहे. सर्वश्रेष्ठ गिटारवादक कोण आणि त्याचे कोणते अल्बम आधी ऐकावेत?’

रॉक म्हणजे गिटार, हे आपण प्रश्न विचारतानाच गृहीत धरले आहे. हे संगीत चाळीस वर्षे ऐकल्यानंतर मला ते मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सांगितल्याशिवाय मला कोणाचे नाव सुचवता येणार नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सांगलीत हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत. पायांनी भाता मारायचा, नटाने पद चढ्या सुरात उचलले तर त्याला कोणाच्या लक्षात न येता जाग्यावर आणायचे, तान घेताना त्याचा दम संपला तर ती जागा भरून काढायची आणि टाळ्या त्याला पडत असताना आपण पुढच्या पदाचा सूर धरून बसायचे, हे काम मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाहिले. १९८४ मध्ये शिक्षणासाठी मुंबईला आलो तेव्हा वसतिगृहातल्या खोलीत माझ्या जोडीदाराने डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘मेड इन जपान’ची कुठून तरी भरून आणलेली कॅसेट लावली. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोच्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम आहे. खोलीतले बाकीचे सगळे रिची ब्लॅकमोरची गिटार ऐकत होते आणि मी मात्र, इंग्रजीचा एक शब्दही कळत नसताना, ऑर्गन वाजवणारा हा माणूस कोण, एवढेच विचारत होतो.

तो माणूस जॉन लॉर्ड. इंग्लंडमधल्या लेस्टरचा, लहानपणापासून पियानोची पाश्चात्त्य अभिजात तालीम घेतलेला. १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आपला बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा यांना एकत्र बसवून त्याने स्वतः रचलेला कंचेर्टो, म्हणजे वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची मोठी रचना, वाजवला. त्याचे वाद्य हॅमंड ऑर्गन. त्यात ना भाता असतो ना हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्या. मोटरवर फिरणारी नव्वदीवर धातूची दातेरी चाके चुंबकांसमोरून जातात आणि त्यातून स्वर निर्माण होतो. लॉरेन्स हॅमंड मुळात विजेची घड्याळे बनवणारा होता, ती मोटर तिथूनच आली. कळ हळू दाबा की जोरात, स्वर तेवढाच येतो. लहानमोठेपणा आणायचा तो पायाखालच्या पेडलने. सुट्टीत मी ती कॅसेट सांगलीला नेली. अण्णांनी डोळे मिटून पंधरा-वीस मिनिटे ऐकली आणि म्हणाले, “याचा भाता पायातच आहे.” हॅमंड ऑर्गनचे चित्रसुद्धा त्यांनी तोवर पाहिलेले नव्हते.

लॉर्डने हा ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शलच्या ॲम्प्लिफायरला जोडला, त्यामुळे त्याचा स्वर फाटून गिटारच्या तोडीचा दणदणीत झाला. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती जगप्रसिद्ध ओळ, जी दुकानात गिटार हातात घेतलेला प्रत्येक मुलगा आधी वाजवून पाहतो, ती सुरुवातीला एकटी गिटार वाजवते आणि लगेच ऑर्गन तीच ओळ धरतो. लोक ज्याला गिटारचे वजन म्हणतात त्यात ऑर्गनचा मोठा वाटा आहे. ‘चाइल्ड इन टाइम’ची सुरुवात तर ऑर्गनचीच आहे. तो मुखडा इट्स अ ब्यूटिफुल डे या अमेरिकन बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’ या व्हायोलिनच्या रचनेवरून घेतलेला आहे आणि तो संथ करून त्याला गंभीर रूप देणारा हात लॉर्डचा आहे.

आता मूळ वादाकडे येतो. माझा हा खोलीचा जोडीदार उत्तम गिटार वाजवत असे. आम्ही मिळून महाविद्यालयात बँड काढला आणि १९८६ च्या वार्षिक महोत्सवात आमचा कार्यक्रम ठरला. ऑर्गन परवडणे शक्यच नव्हते; मी भाड्याने आणलेल्या कीबोर्डवर बसलो. अण्णा महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून खास त्यासाठी आले होते. चौथ्या गाण्यानंतर माझ्या लक्षात आले की माझा आवाज मला मॉनिटरमधून, म्हणजे वादकांसाठी मंचावर ठेवलेल्या स्पीकरमधून, येत नाही. मी वाजवत राहिलो. नंतर कळले की जोडीदाराने साउंडवाल्याला खुणेने सांगून कीबोर्ड पूर्ण बंद करवला होता, कारण त्याच्या मते गिटार झाकली जात होती. शेवटची तीन गाणी मी कोणालाही ऐकू न येता वाजवली. टाळ्या भरपूर पडल्या.

बाहेर आल्यावर अण्णांनी गिटारचे कौतुक केले, मनापासून केले, आणि मग मला बाजूला घेऊन विचारले, “शेवटी तू थांबला होतास का? गाणाऱ्याचा सूर चढत गेला. मागून धरायला कोणीच नव्हतं त्याला.” त्यांना त्या गाण्यांतला एक शब्द कळलेला नव्हता, पण काय नाही हे त्यांना बरोबर कळले होते. मी त्याच रात्री हे जोडीदाराला सांगितले. त्याचे उत्तर होते, “कीबोर्ड काढला तरी गाणं उभं राहतं, गिटार काढली की पडतं.” हे वाक्य तो आजही म्हणतो आणि मी आजही खोडून काढतो.

वाद केवळ माझा असता तर मी तो इथे आणला नसता. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याच्याकडे पाहा. १९७१ मध्ये त्याने पियानोचा एक एकटा स्वर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला आणि त्या एका स्वरावर तेवीस मिनिटांची ‘एकोज’ उभी राहिली. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधल्या ‘अस अँड देम’ची चाल त्याची. तरीही १९७९ मध्ये ‘द वॉल’च्या कामादरम्यान त्याला बँडमधून काढण्यात आले आणि त्या अल्बमच्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून बसला. त्या कार्यक्रमांचा तोटा उरलेल्या तिघांनी सोसला आणि राइटला तेवढे पैसे सुटले, हे चाहते हसून सांगतात. मला त्यात हसण्यासारखे काहीच दिसत नाही. १९८३ च्या पुढच्या अल्बममध्ये तो नाही. तो अल्बम एकदा ऐका आणि चारी भिंती कशा जवळ आल्यासारख्या वाटतात ते पाहा. द डोअर्सच्या रे मॅन्झारेकने तर डाव्या हाताने बास आणि उजव्या हाताने ऑर्गन वाजवून मंचावर दोन माणसांचे काम वर्षानुवर्षे केले. या बँडचे नाव काढले की मात्र सगळे गायकाबद्दलच बोलतात.

म्हणून माझा सल्ला असा की आपण यादी करू नका. ‘मेड इन जपान’ घ्या आणि सलग तीन वेळा ऐका. पहिल्यांदा जे कानावर पडेल ते ऐका. दुसऱ्यांदा फक्त ऑर्गनच्या मागे जा, विशेषतः गायक इयन गिलन वरच्या पट्टीत जातो तेव्हा त्याच्याखाली काय चालले आहे ते. तिसऱ्या वेळी मला काही सांगावे लागणार नाही. ज्याला साथीदार ऐकू येत नाही त्याने बँड ऐकला असे मी मानत नाही.

हेही सांगायला हवे की मला गिटारचा राग नाही. ऑर्गनचा एकही स्वर नसलेले उत्तम रॉक भरपूर आहे आणि लॉर्डची काही एकल वादने गरजेपेक्षा लांबली आहेत, हेही खरे. १९८६ च्या त्या कार्यक्रमाची कॅसेट माझ्याकडे आहे. मी पेटी घेऊन तपासले आहे, शेवटच्या गाण्यात गायक जवळजवळ अर्धा स्वर चढला आहे. जोडीदाराला ती मी दोनदा ऐकवली. दोन्ही वेळा तो म्हणाला, गिटार छान वाजली आहे. आणि ती छानच वाजली आहे.

आपल्याला गिटारवादकाचे नाव हवेच असेल, तर रिची ब्लॅकमोर. पण तो याच अल्बममधला ऐका, कारण इथे तो एक ओळ टाकतो आणि लॉर्ड ती उचलून त्याला परत देतो, आणि पुढची ओळ ब्लॅकमोरला आधीपेक्षा बरी वाजवावी लागते.