माती आणि धुळीतले जीवाणू डीएनएवरून ओळखता येतात, मग प्लेटवर वाढवायचे कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी शेतातली माती आणि घरातली धूळ, दोन्हींतले जीवाणू डीएनएवरून ओळखायचे आहेत. गाईड म्हणतात आधी प्लेट टाका (म्हणजे बशीतल्या माध्यमावर जीवाणू वाढवा), सीनियर म्हणते प्लेटचे दिवस गेले. मी मातीतून डीएनए काढायचं काम बरंच केलंय, धुळीचं त्यामानाने कमी. त्या जोरावर सांगतो.

सीनियरचं अर्धं बरोबर आहे. माती पातळ करून न्यूट्रियंट अगारवर पसरली की ज्या कॉलनी येतात, त्यांच्या कित्येक पट पेशी मायक्रोस्कोपखाली दिसतात. शंभरातली एकसुद्धा धड प्लेटवर येत नाही, असं नेहमी सांगितलं जातं. १९९० मध्ये नॉर्वेत व्हिग्दिस टॉर्सविक आणि सहकाऱ्यांनी बीच नावाच्या झाडांच्या जंगलातल्या मातीचा डीएनए काढला, तापवून त्याचे धागे सुटे केले आणि ते परत जुळायला किती वेळ लागतो ते मोजलं. विविधता जितकी जास्त, तितका प्रत्येक धाग्याला आपला जोडीदार सापडायला वेळ जास्त. हिशेब निघाला सुमारे ४,००० वेगवेगळ्या जीनोमचा (जीनोम म्हणजे एका जीवाचा सगळा डीएनए). त्याच मातीतून प्लेटवर वाढवलेल्या जीवाणूंच्या विविधतेच्या हे सुमारे २०० पट होतं. डीएनएची अक्षरं वाचणारी आजची सिक्वेन्सिंग यंत्रं तेव्हा कुठे होती!

हल्लीची रीत तुम्हाला माहीत असेलच. सगळ्या जीवाणूंत असणारं १६एस आरआरएनएचं सुमारे १,५०० अक्षरांचं जनुक, त्यात सगळ्यांमध्ये जवळपास सारखे असणारे भाग आणि त्यांच्यामध्ये बदलणारे नऊ पट्टे. सारख्या भागांवर प्रायमर (जिथून प्रत काढायला सुरुवात होते ते डीएनएचे छोटे तुकडे) बसवायचे, मधला तुकडा पीसीआरने वाढवायचा, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढायच्या, वाचायचा आणि सिल्वासारख्या डेटाबेसशी ताडून बघायचा. बहुतेक जण सुमारे २५० अक्षरांचा व्ही-४, म्हणजे चौथा पट्टा, घेतात. एवढ्यावरून जीनस (प्रजाती) बऱ्यापैकी कळतो, स्पीशीज (त्यातली नेमकी जाती) बहुधा नाही. सिक्वेन्सिंग करून देणाऱ्या सर्व्हिसवाल्यांच्या रिपोर्टात स्पीशीजचं नाव छापून आलं तरी ते मनावर घेऊ नका.

माती आणि धूळ डीएनए काढायच्या एकाच किटमध्ये टाकता येतात, पण त्यांची दुखणी उलटी आहेत. मातीत डीएनए भरपूर, पण बरोबर घाणही तेवढीच. धुळीत मुळात डीएनएच जेमतेम.

आधी माती. बारीक मण्यांच्या नळीत माती आणि बफर घालून दणकून हलवलं की कडक भिंतीच्या पेशीही फुटतात. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्राव घ्या. शेणखत घातलेल्या मातीचा तो बरेचदा तपकिरी निघतो. हा रंग ह्युमिक आम्लांचा. ती डीएनएच्या मागे शेवटपर्यंत चालत येतात आणि पीसीआरमध्ये प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज या एन्झाइमला काम करू देत नाहीत. मग पीसीआरचा निकाल तपासायच्या जेलवर फिकट बँड (डीएनएचा पट्टा) येतो आणि 'या मातीत जीवाणू कमी' असं बिनदिक्कत लिहिलं जातं. नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला जातो यावरून डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर) प्रथिनांची घाण दाखवणारा २६०/२८० हा भागाकार बरा दिसला म्हणून खूश होऊ नका, ह्युमिकची घाण दाखवणारा २६०/२३० बघा (किटमधल्या क्षारांनीही तो पडतो, हे खरं). सोपी परीक्षा म्हणजे डीएनए दहापट पातळ करून पीसीआर परत लावणं. डीएनए कमी घालूनही बँड ठळक झाला, तर काहीतरी पॉलिमरेजला अडवत होतं, आणि मातीत ते बहुधा ह्युमिकच. पीसीआरमध्ये बीएसए हे प्रथिन घातल्यानेही फरक पडतो.

आपल्या काळ्या मातीचं वेगळंच. तिच्यातली माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती डीएनए धरून ठेवते. पेशी फुटतात, पण डीएनए द्रावात न येता मातीबरोबर तळाशी बसतो. फॉस्फेट जास्त असलेला बफर इथे कामी येतो, कारण फॉस्फेट चिकणमातीवरच्या त्याच जागा अडवून बसतं. दुसरीकडच्या वाळूसर मातीवर बसवलेला प्रोटोकॉल जसाच्या तसा विदर्भात चालवून 'डीएनए मिळत नाही' म्हणून किटला शिव्या देणारे बरेच भेटतात.

धुळीची भानगड नळीच्या बाहेरून येते. डीएनए इतका कमी की पीसीआरचे सायकल वाढवावे लागतात, आणि मग किटमध्ये, एन्झाइममध्ये, पाण्यात आधीपासून असलेला जीवाणूंचा डीएनएही वाढतो. साल्टर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे फार छान दाखवलं. साल्मोनेलाची एकच शुद्ध वाढ त्यांनी टप्प्याटप्प्याने पातळ करत नेली आणि वेगवेगळ्या संस्थांत तिचं सिक्वेन्सिंग केलं. जसजसा नमुना पातळ, तसतसा साल्मोनेला कमी आणि भलत्याच जीवाणूंची गर्दी. अशा उपऱ्यांत रालस्टोनिया असतो, ब्रॅडिरायझोबियम असतो. ब्रॅडिरायझोबियम मातीत खरोखरच राहतो, म्हणून नाव बघून संशयही येत नाही. यासाठी नमुना न घालता पूर्ण किट चालवलेला एक ब्लँक, उघडून हवेत फिरवलेला कोरा स्वॅब आणि पीसीआरचं नुसतं पाणी, हे सगळे सिक्वेन्सिंगला पाठवा, जेलवर बँड आला नाही तरी. गाईड खर्चाचं कारण देतील. तेव्हा दोन नमुने कमी करा, ब्लँक नाही.

आणखी एक. वनस्पतींच्या हरितलवकांमध्येही १६एस असतं आणि ते सायनोबॅक्टेरियाच्या गटात जाऊन बसतं. स्वयंपाकघरातल्या धुळीत सायनोबॅक्टेरिया भरमसाट निघाले तर भिंतीवर शेवाळ शोधू नका, कणकेचा डबा कुठे ठेवलाय ते बघा. ही वाचनं (सिक्वेन्सिंगमध्ये वाचून आलेले डीएनएचे तुकडे) विश्लेषणाआधीच काढून टाकायची असतात.

आता आकड्यांबद्दल. एका जीवाणूत १६एसची एकच प्रत असते, तर दुसऱ्यात दहा-पंधरा. वाचनांवरून जीवाणू मोजणं म्हणजे देवळाबाहेरच्या चपला मोजून आतली माणसं सांगणं, तेही कोणी एका पायाचा आणि कोणी पंधरा पायांचा असताना. शिवाय सगळे आकडे टक्क्यांत. एकाचा टक्का वाढला म्हणजे तो वाढला की बाकीचे मेले, हे टक्क्यांवरून कळत नाही. त्यासाठी क्यूपीसीआर, म्हणजे प्रतींची संख्या मोजणारा पीसीआर, वेगळा करावा लागतो. आणि मेलेल्यांचा डीएनएही मातीत पडून असतोच: २०१६ च्या कारिनी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तो सरासरी ४० टक्के निघाला.

एवढं असूनही ही पद्धत तुलनेसाठी झकास आहे. फिअरर आणि जॅक्सन यांनी २००६ मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ मातींचे नमुने तपासले. तापमान किंवा अक्षांशापेक्षा सामूवरून, म्हणजे पीएचवरून, विविधतेचा अंदाज जास्त चांगला येत होता. आम्लधर्मी मातीत ती कमी, उदासीनच्या आसपास सर्वांत जास्त. कोकणातली आम्लधर्मी जांभ्याची माती आणि देशावरची अल्कधर्मी काळी माती घेतलीत तर प्रश्न आयता तयार आहे. धुळीसाठी बार्बेरान आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १,२०० घरांत दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवरची धूळ घेतली. बुरशी घर कुठे आहे त्यावर ठरत होती, तर जीवाणू घरात कोण राहतं त्यावर, कुत्र्या-मांजरांसकट. चौकटीची वरची कड आपल्याकडेही उत्तम, रोजचा केर काढताना झाडू तिथवर पोचत नाही.

राहिले गाईड, त्यांचंही अर्धं बरोबर आहे. १६एस नाव सांगतं, काम नाही. फॉस्फेट विरघळवणारा जीवाणू हवा असेल तर पिकोव्हस्काया अगारच (न विरघळणारं फॉस्फेट घातलेलं माध्यम) लागणार. कॉलनीभोवती दुधट माध्यम विरघळून जी स्वच्छ कडी उमटते, ती कुठल्याही डेटाबेसमध्ये मिळत नाही. तो जीवाणू हातात आला की त्यावर पुढचं काम करता येतं, पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमाही करता येतो. नमुना घेतानाच त्याचे दोन भाग करा. डीएनएचा लगेच उणे ८० ला, प्लेटचा फ्रिजमध्ये, आणि प्लेट शक्यतो लवकर टाका. सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेणार असाल तर नुसत्या रंगीत पाय चार्टवर समाधान मानू नका, कच्च्या फास्टक्यू फाइल्स (यंत्राने वाचलेली मूळ अक्षरं असतात त्या) मागून घ्या, ब्लँकच्यासुद्धा.