मास्क शेवटी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परभणीच्या जिनिंगमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू होताच तू धोक्यांचा तक्ता भरलास, मास्क मागवलेस आणि आता बायका ते हनुवटीवर ओढून काम करतात म्हणून त्यांना दंड करावा का, असे विचारतोस. दंडाचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. धूळ जिथे उठते तिथेच ती अडवायची असते.

‘कापसाची धूळ, मध्यम धोका’ एवढे लिहून तू मोकळा झालास. रेच्यांच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या, रांगेपाशी एक पाळी तरी उभा राहिलास का? कोणत्या रेच्यापाशी पिंज जास्त उडते, यंत्रे साफ करताना हवेचा फवारा कोण मारते आणि ती उडालेली धूळ कोणाच्या तोंडावर जाते, हे तक्त्यात कुठेच नाही. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते का, हेही प्रत्येकीला विचार. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुफ्फुसांच्या आजाराची सुरुवात बहुधा अशीच होते. पुढच्या दिवसांत उतार पडतो, म्हणून माणूस दुखणे अंगावर काढतो. कायद्याने सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत हा आजार आहे, तेव्हा ही साधी सर्दी आहे असे तुला कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नकोस.

रेच्यांचे रोलरही पाहा. ते क्रोम-चामड्याचे असतील तर झिजताना क्रोमियम धुळीत आणि रुईत मिसळते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने रबर आणि सुती कापडाचे क्रोमविरहित रोलर विकसित केले आहेत. म्हणजे आधी रोलर बदल, मग धूळ ओढून घेणारे हूड बसव, हवेच्या फवाऱ्याऐवजी व्हॅक्यूमने सफाई करून घे, आणि एवढे करूनही जी धूळ उरेल तिच्यासाठी मास्क. फाल्गुनात तापलेल्या पत्र्याखाली पाळीभर तो तोंडावर ठेवणे किती जड जाते, हे स्वतः लावून बघ म्हणजे बायकांवर रागावणार नाहीस.

मला लोक हटवादी म्हणत. एका कारखान्यात हूड बसेपर्यंत मी अहवालावर सही केली नाही आणि नोकरी सोडावी लागली. घरच्यांना त्याची झळ बसली, याची खंत आजही आहे. तरी तो अहवाल पुन्हा समोर आला तर मी सही करणार नाही. धूळ उगमापाशीच अडवायची, हे मी त्या मालकांना जितक्यांदा सांगितले तितक्यांदा तुलाही सांगेन.

तुझ्या मालकांना भेटायला जाताना रोलरचे आणि हूडचे दरपत्रक सोबत ने. बायकांच्या तक्रारींची वही ने, पण त्यात कोणाचे नाव नको, नाहीतर पुढच्या हंगामात तिला कामावर घेणार नाहीत. मास्कचा विषय ते काढतील. तू काढू नकोस.